घडी

गेल्या रविवारी, आमच्याच फाटकासमोर, एका गृहस्थानं माझ्या हातात अकरा कपड्यांचं गाठोडं दिलं आणि "पाचले येतो" म्हणून गाडी सुरू करून निघून गेला. चार दिवस झाले. बायको अजून भाजी चिरता चिरता मधूनच हसते. मला अजून हसू आलेलं नाही.

झालं ते आमच्या ट्रेलरमुळे. हा घडीचा ट्रेलर म्हणजे कारच्या मागे ओढायची एक चपटी पेटी. मुक्कामाला पोचलं की झाकणाचे दोन अर्धे भाग वर उचलायचे, एकमेकांना टेकवायचे, मग दोन्ही अंगांच्या तिकोनी भिंती उभ्या करून खिट्ट्या लावायच्या. अमेरिकेत याला ए-फ्रेम म्हणतात, कारण बाजूनं तो इंग्रजी 'ए'सारखा दिसतो. कापडी तंबू नव्हे. बाहेर ॲल्युमिनियमचा पत्रा, मध्ये थर्माकोल, आत प्लाय. हिंगण्याच्या एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेटरनं व्हिडिओ बघून बनवून दिला. "एक थेंब पाणी नाही येणार साहेब, लिहून देतो," म्हणाला होता. लिहून घ्यायला हवं होतं.

दोन वर्षांत त्यात आम्ही एकूण चार रात्री झोपलो. पैकी एक रामटेकजवळ खिंडसीला. तिथे अर्धं छप्पर वर असताना तलावावरून वारा सुटला आणि मी त्या छपराला लोंबकळून राहिलो, बायको गाडीत काच वर करून बसली. तान्ह्या पोळ्याला पोरं लाकडी बैल दोरीनं ओढत घरोघर जातात ना, तसा मी हा ट्रेलर ओढत फिरतो. पोरांना निदान बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, तरी मिळतो.

हे घर वापरण्यापेक्षा वाळवावंच जास्त लागतं. ओला असताना मिटला की प्लाय फुगतो आणि गाद्यांना बुरशी धरते. म्हणून बायका उन्हाळ्यात वाळवणं घालतात तशी मी पावसाळ्यात घालतो. उन्हाळ्यात तर त्याच्याकडे बघवत नाही. २३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ डिग्री झालं होतं. तेवढं दर वर्षी होत नाही, पण दुपारी बंद ट्रेलरचं झाकण उचलावं तर भट्टीचं दार उघडल्यासारखी वाफ तोंडावर येते. छपराच्या सांध्यातल्या रबराला तेल-ग्रीस चालत नाही, सिलिकॉनचा स्प्रे मारायचा, हे मला पहिलं रबर फुगल्यावर कळलं. टायर झिजण्याआधीच उभ्या-उभ्या भेगाळतात. वर १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानं ट्रेलरही मोटार वाहनच ठरवलाय. इंजिन नाही, जागचा हलत नाही, तरी कागदोपत्री वाहन. रिटायर झाल्यापासून मला हे कलम फार जवळचं वाटतं.

तर रविवारी चार दिवसांनी ऊन पडलं. मी ट्रेलर फाटकाबाहेर, कोपऱ्यावरच्या कडुनिंबाजवळ उघडला. आतल्या टेबलावर बायकोनं वाळलेल्या चादरींच्या घड्या करून ठेवल्या. मी बनियनवर होतो, ट्रेलरच्या दारात बसून रबर पुसत होतो. तेवढ्यात एक स्कूटर थांबली. साठीचे गृहस्थ, पायांमध्ये काहीतरी मोठं बोचकं. त्यांनी मान वाकवून आत पाहिलं आणि विचारलं, "प्रेस?"

इथे एक खुलासा. नागपुरात ज्या गाडीवर 'प्रेस' लिहिलेलं नाही, ती बहुधा कालच शोरूममधून निघालेली असते. दोन वर्षं मी मनातल्या मनात वाट पाहत होतो की कुणीतरी पेपरवाला येईल, फोटो काढेल, 'निवृत्त ड्राफ्ट्समनचं फिरतं घर' असं काहीतरी छापेल. मी बनियन खाली ओढला.

"या, या! कधीची वाट बघतोय."

"कवापासून सुरू केलं?"

"दोन वर्षं झाली."

"माहीतच नाही. म्या तर रोज इथूनच जातो."

"मिटलेला असतो ना. आज ऊन आहे म्हणून उघडला."

"बरं. कडक असते ना पण?"

काय नेमका प्रश्न! मी उठलोच. "कडकच! कापडी असतात ते लोंबतात, वाऱ्यानं फडफडतात. हे हात लावून बघा." त्यांनी हात आत घातला आणि माझ्या बायकोच्या चादरीला लावला. समाधान झालेलं दिसलं.

"अन् घडी?"

"अहो, घडीचंच तर सगळं आहे! आधी या दोन बाजू आत. मग हा भाग खाली. हा ओठ आहे ना, तो शेवटी, वरून बसला पाहिजे. घडी एकदा चुकली की कायमचा बाक येतो."

त्यांनी गंभीरपणे मान हलवली. "तेच तं. आधीच्याले घडीच जमत नव्हती."

"म्हणजे नागपुरात आणखी कुणाकडे आहे?"

"बहुत हायेत. पन सारे बोगस."

खोटं कशाला सांगू, मला वाईट वाटलं. मी समजत होतो अख्ख्या विदर्भात आपलाच एक.

"पानी मारता?"

"दर महिन्याला! पाइप लावून वरून अर्धा तास मारतो."

"अर्धा तास?"

"मग बॅटरी घेऊन आत शिरतो आणि बघतो कुठून ठिबकतंय."

इथे ते माझ्याकडे जरा निरखून पाहायला लागले. पण माणूस सज्जन, विषय बदलला. "कोयशाची का लाइटची?"

"लाइट बारा व्होल्टची. स्वयंपाक गॅसवर. कोळसा नको बाबा, धूर कोंडतो."

"स्वयंपाक? म्हंजे राहाले बी इथंच?"

"कधी कधी. बायको येत नाही."

त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ती दया होती, हे मला आता कळतं. तेव्हा मला तो आदर वाटला.

"घर नाही?"

"आहे ना. हे काय मागे." त्यांनी आमचं दुमजली घर वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग माझा बनियन वरपासून खालपर्यंत पाहिला, आणि खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "होते भाऊ, होते. मेहनत करा. किती घेता?"

"दोन मोठे, एक लहान. दाटीवाटीनं."

"मंग हे अकरा हायेत." पायांमधलं बोचकं माझ्या मांडीवर आलं. "पाचले येतो. पांढऱ्या पायजम्याले चटका नको लावजा."

आमच्या ले-आउटचा प्रेसवाला, म्हणजे इस्त्रीवाला, याच कडुनिंबाखाली पत्र्याची टपरी टाकून बसतो. पोळ्याला गावी गेला तो अजून आलेला नाही, टपरीही नेली. हे मला बायकोनं सांगितलं, तेही पहिली दहा मिनिटं पोट धरून हसून झाल्यावर. मी एकतीस वर्षं नोकरी केली, धरणांचे नकाशे काढले, आणि माणसाला माझ्यात दिसला तो प्रेसवाला. त्या प्रेसवाल्याला कमी लेखत नाही; त्याच्याकडे निदान रोज गिऱ्हाईक येतं. पण जी बनवायला मी फंडातले पैसे मोडले, जावयाचे टोमणे ऐकले, त्या वस्तूकडे दोन वर्षांत पहिल्यांदा एक माणूस थांबून पंधरा मिनिटं बोलला, चांगले प्रश्न विचारले, आणि त्यातला एकही प्रश्न तिच्याबद्दल नव्हता. हे लागतं हो.

"दुसऱ्याचे कपडे घरात आणू नका, एखादा हरवला तर आपल्यावर येईल," बायको म्हणाली. म्हणून बोचकं ट्रेलरमध्येच ठेवलं. तरी मी मोजले. दहा भरले. पुन्हा मोजले, दहाच. आता हा माणूस अकरा म्हणाला होता की दहा, यावर आमचा वाद चालू असताना तीन वाजता आभाळ भरून आलं आणि बादल्यांनी ओतावं तसा पाऊस कोसळला. मी धावलो. भिंती आत, मागचं छप्पर खाली, पुढचं वरून, खिट्ट्या. दोन मिनिटांत. इतक्या लवकर माझ्याकडून कधीच झालं नव्हतं आणि ते बघायला कुणी नव्हतं.

पाच वाजता गृहस्थ आले. पाऊस थांबला होता. मिटलेल्या पेटीकडे पाहून म्हणाले, "काऊन, लवकर बंद केलं?"

मी सगळं सांगितलं. हा ट्रेलर आहे, मी प्रेसवाला नाही, ते तुमच्या त्या 'प्रेस'मुळे... त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग सकाळी हो काऊन म्हटलं?"

याला उत्तर नाही. म्हणजे आहे, पण ते पेपरात फोटो यावा या इच्छेपासून सुरू होतं, आणि ते मी त्यांना सांगणार नव्हतो.

"हे काय लोंबून राहिलं?" त्यांनी बोट दाखवलं. दोन छपरांच्या सांध्यातून पांढरी नाडी वीतभर बाहेर आली होती. टोकाशी पाण्याचा थेंब. अकरावा नग, पांढरा पायजमा. बोचक्यातून कधी निसटला आणि सांध्यात कसा अडकला देव जाणे. दोन तास ती नाडी वातीसारखी पाणी आत ओढत होती. उघडलं तर गादी चिंब, टेबलाखालचा प्लाय चिंब, आणि त्यांचे बाकीचे दहाही कपडे दमट. एक-एक उचलून त्यांनी मोजला. पायजमा पिळला. माझ्याच चाकावर पिळला.

"एक टाइमाले बोर्ड तरी लावा," जाताना म्हणाले. कशाचा बोर्ड, ते सांगितलं नाही.

गादी अजून गच्चीवर आहे. रबर बदलायचं म्हटलं तर फॅब्रिकेटर फोन उचलत नाही. जुनं रबर आधीच निबर झालेलं. नाडी जिथे दाबली गेली तिथे त्याला वळ पडलाय तो भरून येईना. काल रात्री पाऊस आला तेव्हा बॅटरी घेऊन बघून आलो. थेंब बरोबर उशीच्या जागी पडतोय. माझ्या बाजूच्या.