पट्ट्या चिकटवून काय होतं? – एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, तुमची कमेंट नीट वाचली. राग आहे तिच्यात, आणि पार्किन्सन्स झालेल्या बाबांना रोज पडताना बघणाऱ्या माणसाला तो येणारच. तुमचं म्हणणं असं की ब्रिटनमधल्या मोठ्या ट्रायलमध्ये, म्हणजे पेशंटवर घेतलेल्या चाचणीत, फिजिओचा काही उपयोग दिसला नाही, तुम्ही स्वतः साताऱ्यात बाबांना शेक आणि मशीन लावून आणलं तरी फरक पडला नाही, मग चालताना पाय अडकू नये म्हणून मी जमिनीवर पट्ट्या चिकटवायला सांगून लोकांना खोटी आशा का दाखवते. आणि शेवटी लिहिलंय की बाबा स्वयंपाकघराच्या दारात अडकतात पण माहुलीला नदीच्या घाटाच्या पायऱ्या चढतात, म्हणजे निम्मं नाटक आहे असं घरात सगळेच म्हणतात.

शेवटचंच आधी घेते कारण ते वाचून फार वाईट वाटलं. नाटक नाहीये हो ते. आपण चालताना पाऊल केवढं टाकायचं, कधी टाकायचं याचा विचार करत नाही, ते आपोआप होतं, आणि ते आपोआप करून देणारा मेंदूतला भाग म्हणजे बेसल गँग्लिया, डोपामिन हे मेंदूतलं रसायन पार्किन्सन्समध्ये कमी पडलं की त्याचंच काम बिघडतं. म्हणून पावलं छोटी छोटी होत जातात आणि दार आलं, वळायचं असलं, मागून कुणी हाक मारली की पाय जमिनीला चिकटतात. पायरी मात्र डोळ्याला दिसते, इथे पाय उचलायचाय हे कळतं, आणि मग मेंदू आपोआपचं सोडून लक्ष देऊन पाय टाकतो. पट्ट्यांचं काम एवढंच, सपाट फरशीवर तशी खूण करून देणं. पर्डन मार्टिन या ब्रिटिश न्यूरोलॉजिस्टने १९६७ सालीच हे लिहून ठेवलंय, माझ्या डोक्यातलं काही नाही.

आता ट्रायल. २०१६ ची, ७६२ पेशंटची, बरोबर आहे, तिच्यात फायदा दिसला नाही. पण त्यात थेरपी मिळाली किती, तर आठ आठवड्यांत साधारण चार भेटी, आणि पेशंट घेतले ते ज्यांना थेरपीची नक्की गरज आहे का हेच डॉक्टरांना ठरवता येत नव्हतं असे. दारात रोज अडकणारे तुमचे बाबा त्यात बसतात का सांगा. दुसरीकडे २००७ च्या एका ट्रायलमध्ये थेरपिस्टनी तीन आठवडे पेशंटच्या घरी जाऊन ताल आणि खुणांवर चालायची प्रॅक्टिस घेतली, तिथे चालण्यात सुधारणा झाली. थोडीच झाली, आणि प्रॅक्टिस थांबल्यावर सहा आठवड्यांत बरीचशी ओसरलीही. म्हणून मी कधीच म्हणत नाही की पार्किन्सन्स बरा होतो. सवय सुटली की फायदा सुटतो, आणि गोळ्यांना हा पर्याय नाहीच.

आणि शेक, मशीन हे दुखण्यावरचे उपचार, त्याने चाल कशी सुधारणार? त्यात तुमचा दोष नाही, पार्किन्सन्सच्या पेशंटला गुडघेदुखीची ट्रीटमेंट दिली जाते याची मला खरंच चीड येते.

माझ्याकडे लोणंदकडचे एक आजोबा येतात, जन्मभर वारी केलेले. मोबाईलवरच्या मेट्रोनोमची, म्हणजे ताल धरून देणाऱ्या ॲपची, टिकटिक त्यांना नको वाटायची, मग ‘ग्यानबा तुकाराम’ म्हणत पाऊल टाकायला लावलं आणि पाय सुटला. प्रत्येकाला चालेलच असं नाही, पण ताल ओळखीचा असला की माणूस घरी प्रॅक्टिस सोडत नाही.

बाबांसाठी एवढं कराच. पट्ट्या आडव्या लावा, फरशीपेक्षा वेगळ्या रंगाच्या, त्यांच्या चांगल्या पावलाएवढ्या अंतरावर, दाराच्या आधीपासून दाराच्या पलीकडेपर्यंत, आणि कडा नीट चिकटवा नाहीतर त्यातच पाय अडकायचा. अडकले की हात धरून ओढू नका, ‘चला चला’ करू नका, त्याने जास्तच अडकतात आणि तोल जातो. थांबू द्या, एका पायावरून दुसऱ्यावर वजन डोलवू द्या, मग मोठं पाऊल. वळताना जागच्या जागी गिरकी नको, मोठा वळसा. व्यायाम गोळीचा असर चांगला असतो त्या वेळात घ्या.

आणि पुढच्या व्हिजिटच्या आधी घरी दारात अडकतानाचा व्हिडिओ काढून न्यूरोलॉजिस्टना दाखवा, कारण ओपीडीत डॉक्टरांसमोर हे पेशंट बऱ्याचदा छान चालून दाखवतात आणि मग गोळीची वेळ, डोस बदलायचा का हा विषयच निघत नाही.