पुराची रेघ अजून भिंतीवर आहे

नागपुरात अंबाझरी लेआउटमध्ये माझ्या मामेबहिणीचं घर आहे. 23 सप्टेंबर 2023 ला पहाटे तलाव ओव्हरफ्लो झाला आणि पाणी थेट बेडरूममध्ये, काही तासांत 100 मिलिमीटरच्या वर पाऊस झाला होता. भिंतीवरची रेघ तिनं दोनदा पुट्टी मारून झाकली, तरी पावसाळा आला की तिथंच ओल धरते. दिवाणाच्या पेटीतून अजून गाळाची भुकटी निघते.

नाग नदीच्या काठावर बांधकामं झाली हे खरंच आहे, पण हवा एक अंश तापली की तिच्यात सात टक्के बाष्प जास्त मावतं आणि मग पडतो तो पाऊस असा एकदम कोसळतो, हेही तेवढंच खरं.

तिची पोरगी आता कॉलेजात आहे. परवा म्हणे, मामा, ते कॉप कॉप करतात त्यात आपल्या नाग नदीचं काय ठरते? कॉप म्हणजे युनोची दरवर्षीची हवामान परिषद. मला पटकन उत्तर सुचलं नाही, तेव्हापासून डोक्यात तेच चालू आहे.

2024 ला बाकूच्या कॉपमध्ये गरीब देशांनी हवामान बदलाशी लढायला वर्षाला 1 लाख 30 हजार कोटी डॉलर मागितले, हाती आलं 30 हजार कोटीचं आश्वासन, तेही 2035 पर्यंत. भारतानं तिथंच उभं राहून विरोध केला, मला त्याचा अभिमान आहे. पण जगाला जो जाब विचारतो तो घरात कोणी कोणाला विचारायचा? 2070 च्या नेट झिरोचं (जेवढा कार्बन हवेत सोडू तेवढाच परत शोषून घेण्याचं) वचन ग्लासगोच्या कॉपमध्ये दिलं, देशाच्या एकाही कायद्यात ते लिहिलेलं नाही. ब्रिटनमध्ये 2008 पासून कायदा आहे, म्हणून 2022 मध्ये लोक कोर्टात गेले आणि सरकारचा आराखडा बेकायदा ठरला.

आपल्याकडे रिधिमा पांडे ही पोरगी नऊ वर्षांची असताना, सरकार हवामान बदलावर पुरेसं करत नाही म्हणून 2017 मध्ये हरित लवादात गेली, याचिका फेटाळली. मग 2024 मध्ये माळढोक पक्ष्याच्या केसमध्ये (आपल्या वरोऱ्याकडेही दिसायचा तो) सुप्रीम कोर्टानं सांगितलं की हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहणं हा नागरिकांचा हक्क आहे, आणि त्यासाठी वेगळा असा एक कायदा देशात नाही हेही नोंदवलं. हक्क मिळाला, पण तो घेऊन जायचं कोणत्या दारात?

उन्हाचंच बघा. 2013 च्या मे मध्ये नागपूर 47.9 वर गेलं होतं. नवतपात सिमेंट रोडवर भाजीचा ठेला लावणारी बाई ओलं फडकं डोक्यावर घेऊन उभी असते, दुपारी तेही दहा मिनिटांत कडक वाळतं. केंद्राची मदत मिळते त्या आपत्तींच्या यादीत थंडीची लाट होती, हिमस्खलन होतं, उष्णतेची लाट काहून नव्हती? 15 व्या वित्त आयोगाकडे मागणी गेली तर यादी वाढवायची गरज नाही म्हणाले.

पोट्ट्यांच्या हातात काय आहे असं म्हणणाऱ्यांना सांगतो, वानुआतूत 2019 मध्ये 27 विद्यार्थ्यांनी एक मागणी सुरू केली, ती युनोत गेली आणि जुलै 2025 मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयानं मत दिलं की हवामान वाचवणं ही देशांची कायदेशीर जबाबदारी आहे. आपल्याच अजनी वनातली झाडं वाचवायला 2021 मध्ये पोट्टेच उभे राहिले होते ना.

डिसेंबरात हिवाळी अधिवेशन इथंच भरतं, यशवंत स्टेडियमवरून दरवर्षी मोर्चे निघतात. या वेळी राज्यानं आधी स्वतःचा हवामान कायदा करावा ही एकच मागणी घेऊन जायचं, भाचीनं निवेदनाचा कच्चा मसुदा लिहिलाय, पहिलंच वाक्य त्या भिंतीवरच्या रेघेचं आहे. कोणी वकील मित्र तपासून देत असेल तर मेसेज करा.