बटण खेचलं म्हणून हंबकरची सिंगल कॉइल होत नाही

स्टील गिटार म्हणजे आडवी ठेवून तारांवर धातूचा बार सरकवत वाजवायची गिटार. तारेचं कंपन विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा तिचा भाग म्हणजे पिकअप; त्यात तारेचं एकच वेटोळं असेल तर तो सिंगल कॉइल, दोन असतील तर हंबकर. ही गिटार वाजवणाऱ्यांमध्ये एक सल्ला बरीच वर्षं हातोहात फिरतो आहे. थोडक्यात तो असा: 'सिंगल कॉइल घुरघुरते, तो जुना जमाना झाला. सरळ हंबकर बसवा आणि एक पुश-पुल पॉट (दाबता-खेचता येणारं बटण) लावून घ्या. दाबलं की हंबकर, खेचलं की सिंगल कॉइल. हंबकर तार दोन ठिकाणी ऐकतो म्हणून त्याचा आवाज गोल येतो, सस्टेनही (सुराचा टिकाव) जास्त मिळतो, आणि गाण्यात हवा तेव्हा आवाज बदलता येतो.' सल्ला देणारे मनापासून देतात. साध्या सहा तारांच्या गिटारवर तो बऱ्यापैकी चालतोही, आणि गोची तिथेच आहे. तिथला सल्ला जसाच्या तसा उचलून स्टीलला चिकटवलाय.

'खेचलं की सिंगल कॉइल.' हा सगळ्यात मोठा दावा, म्हणून आधी तोच घेऊ. हंबकरमध्ये दोन कॉइल शेजारीशेजारी असतात. एकीचे वेढे दुसरीच्या उलटे आणि चुंबकाचे ध्रुवही उलटे. त्यामुळे तारेचा सिग्नल बेरजेत येतो आणि बाहेरून शिरलेली घुरघुर वजा होते. बटण खेचल्यावर यातली एक कॉइल बंद पडते, दुसरी उरते. आता आकडे बघा. फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारवरच्या सिंगल कॉइलचा रोध साधारण 6 किलो-ओहम, जुन्या धाटणीच्या गिब्सन हंबकरचा आठाच्या आसपास, म्हणजे त्याची एक कॉइल चारची. सहा आणि चार. आवाज थोडा बारीक होतो, पण ओळख पटते.

पेडल स्टीलची, म्हणजे पायांवर उभ्या आणि पेडल-लिव्हरने तारांचे सूर बदलणाऱ्या स्टीलची, सिंगल कॉइल मात्र वेगळ्याच जातीची आहे. केसाहून बारीक तारेचे इतके वेढे तिच्यावर असतात की मल्टीमीटर 17-18 किलो-ओहम दाखवतो, काही पिकअपवर त्याहून जास्त. सगळे वेढे एकाच कॉइलवर. स्टीलच्या हंबकरचा एकूण रोधही त्याच घरात धरला, तरी बटण खेचल्यावर हातात उरते ती त्यातली एकच कॉइल, म्हणजे निम्मे वेढे. रोध म्हणजे काही आवाज नव्हे, तारेची जाडी बदलली की तो आकडाही बदलतो. खरा खेळ इंडक्टन्सचा, म्हणजे बदलत्या प्रवाहाला कॉइल करते त्या विरोधाचा. तो वेढ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेढे निम्मे केले की इंडक्टन्स साधारण पाव उरतो. पिकअपचा आवाज ज्या पट्टीत उठून दिसतो ती पट्टी मग जवळपास दुपटीने वर सरकते. जुन्या कंट्री रेकॉर्डवरचा तो भरीव, किंचित नाकातला सूर अपेक्षित असतो; मिळतो कृश, कर्कश आवाज. शिवाय एमन्स या कंपनीच्या जुन्या स्टीलवरच्या सिंगल कॉइलमध्ये प्रत्येक तारेखाली अल्निको या मिश्रधातूची चुंबकसळई आहे. नेहमीच्या हंबकरात तळाशी आडवा चुंबक आणि वर लोखंडी खुंट्या. बटण खेचून लोखंडाचा अल्निको होत नाही.

आणि ज्या घुरघुरीला कंटाळून हंबकर बसवला, ती बटण खेचताच परत हजर.

'सिंगल कॉइल हा जुना जमाना.' इतिहास असा सरळ रेषेत गेलेला नाही. 1932 साली बाजारात आलेली रिकनबॅकरची 'फ्राइंग पॅन' ही मांडीवरची स्टीलच होती, आणि तिच्यावर सिंगल कॉइल होती. गिब्सनमध्ये सेथ लव्हरने हंबकर तयार करून 1955 मध्ये पेटंटचा अर्ज केला. तो पिकअप आधी 1956 मध्ये गिब्सनच्या स्टील गिटारांवर बसला, लेस पॉल या सहा तारांच्या गिटारवर 1957 मध्ये. म्हणजे रॉकवाल्यांच्या आधी हंबकर आपल्याच वाद्यावर वाजला. हे माहीत असूनही 1960च्या दशकात पेडल स्टीलवादक बडी एमन्स आणि रॉन लॅशली यांनी एमन्स कंपनी काढली तेव्हा सिंगल कॉइलच निवडली, आणि कंट्री संगीताचं गाव असलेल्या नॅशविलच्या स्टुडिओंनी त्या गिटारी डोक्यावर घेतल्या. पुढे एमएसएसारख्या कंपन्यांनी हंबकर घालून उत्तम स्टील बनवल्या. दोन्ही वाटा समोर असताना जाणत्यांनी कानाला विचारून निवड केली, याला जुना-नवा म्हणत नाहीत.

'घुरघुरते.' हो, घुरघुरते. हे नाकारण्यात अर्थ नाही. पेडल स्टीलच्या बाबतीत तर तक्रार जास्तच रास्त आहे. साधा गिटारवाला ट्रान्सफॉर्मरकडे पाठ करून उभा राहतो आणि घुरघुर निम्मी करतो. पाय रोवून बसवलेली पेडल स्टील कुठे वळवणार? मांडीवरची असेल तर निदान खुर्ची फिरवून बघता येतं.

पण दोन आवाजांची गल्लत होते. एक 50 हर्ट्झची खर्जातली घूं, ती ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्रातून येते. तिच्यावर हंबकर हाच खरा इलाज. तांब्याची पट्टी पिकअपच्या खळग्यात चिकटवून ती जात नाही. दुसरी चरचर, डिमर आणि स्वस्त एलईडींची, गणपतीच्या मंडपात हमखास भेटणारी. ओळखायची कशी? सगळं चालू ठेवा, हात तारांवरून उचला, मग बार तारांवर टेकवा. टेकवल्याबरोबर आवाज घटला तर ती बरीचशी चरचर आहे. तिथे अर्थिंग, केबल आणि खळग्यातलं शील्डिंग तपासा, पिकअप बदलण्याआधी. (मंडपातलं अर्थिंग धड नसेल तर आवाजाचं सोडा, वाजवायलाच बसू नका.)

'दोन ठिकाणी ऐकतो म्हणून आवाज गोल.' यात तथ्य आहे, पण कोणत्या तारेवर ते कोणी सांगत नाही. दोन कॉइलमधलं अंतर समजा 18 मिलिमीटर. ज्या कंपनाची अर्धी लांबी बरोबर एवढी, ते एका कॉइलवर वर जातं तेव्हा दुसरीवर खाली, आणि दोन्ही मिळून शून्य. स्टीलची तार 24 इंची धरून हिशेब करा. E9 सुरावटीतली (पेडल स्टीलच्या तारा जुळवण्याची एक रीत) चौथी तार, 330 हर्ट्झची, तिच्यात हा खड्डा पडतो 11,000 हर्ट्झच्या वर. स्टीलच्या अॅम्पमधला 15 इंची स्पीकर तिथवर पोचतच नाही. त्याच सुरावटीतली दहावी तार, 123 हर्ट्झची, तिचा खड्डा 4,200 च्या आसपास. हा कानाला लागतो. C6 या दुसऱ्या रीतीतल्या 65 हर्ट्झच्या जाड तारेचा तर 2,200 वर. बार कुठेही सरकवला तरी त्या तारेचा खड्डा तिथेच राहतो, कारण तारेतल्या लाटेचा वेग बदलत नाही. थोडक्यात, हा फरक जाड तारांचा आहे. स्टील गिटारवादक व्हॅन शिपले यांच्या धाटणीने वरच्या तारांवर सिनेगीतांची धून मींड घेत वाजवणार असाल, तर दोन ठिकाणी ऐकण्याने तुमचं फारसं बिघडत नाही आणि सुधारतही नाही. तिथे तुम्हाला जो फरक ऐकू येतो तो वेढ्यांचा आणि चुंबकाचा.

'सस्टेन जास्त.' नाही. सस्टेन तारेत, बारच्या वजनात, वाद्याच्या अंगात आणि उजव्या पायाखालच्या व्हॉल्यूम पेडलमध्ये असतो. सूर विरत जाईल तसा पाय पेडल उघडत नेतो, पेडल स्टीलचा लांबलचक सूर असाच बनतो. हंबकर मोठ्याने बोलतो, म्हणून कान फसतो. दोन्ही पिकअप समान आवाजावर आणून ऐका. जोरकस चुंबक तारांच्या फार जवळ आणला तर तो तारेचं कंपन धरून ठेवतो आणि सूर उलट लवकर बसतो. पिकअप बदलायच्या आधी पेचकसाने तो जरा खाली घेऊन पाहा. स्टीलमध्ये तार दाबून पट्टीला टेकवत नाहीत, त्यामुळे एकदा लावलेली उंची गळ्यावर सगळीकडे जवळजवळ तीच राहते. फुकटातला प्रयोग आहे.

'गाण्यात हवा तेव्हा बदला.' कोणत्या हाताने? डाव्यात बार, उजव्यात नख्या, डावा पाय पेडलवर, उजवा व्हॉल्यूमवर, गुडघे लिव्हरवर. हात मोकळा मिळालाच तरी बटणासरशी आवाजाची पातळी घसरते आणि तो सूर गर्दीत हरवतो. बटण दोन गाण्यांच्या मधे वापरायची गोष्ट आहे.

एवढं सांगूनही बटण हवंच असेल, तर ते कॉइल तोडणारं नको, जोडणी बदलणारं घ्या. दोन्ही कॉइल मालिकेत न जोडता समांतर जोडल्या की आवाज उजळ आणि हलका होतो, पातळी पडते, पण घुरघुर आत शिरत नाही. खोट्या सिंगल कॉइलपेक्षा हा खरा हंबकर मला केव्हाही पसंत. फेंडरने तर 1950च्या दशकात आपल्या स्ट्रिंगमास्टर स्टीलवर याहून साधी युक्ती केली होती: प्रत्येक गळ्याला दोन सिंगल कॉइल, एकमेकींच्या उलट वेढ्यांच्या, आणि दुसरी हवी तेवढी मिसळायला एक चाक. दोन्ही पूर्ण मिसळल्या की घुरघुर गायब.

दुकानात जाण्याआधी पिकअपची केबल सोलून आत बघा. चार वायरी आणि वरची जाळी असेल तर समांतर जोडणी अर्ध्या तासाचं काम. रंगांवर विसंबू नका, प्रत्येक कंपनीचे वेगळे असतात. मल्टीमीटरने जोड्या लावा, ज्या दोन वायरींत रोध दिसतो ती एक कॉइल. एकच वायर आणि जाळी असेल, तर पिकअप उघडून आतला जोड सोडवावा लागतो. तिथे सोल्डरिंगच्या टोकाचा एक धक्का लागला की कॉइल गेली, आणि दहा तारांचा पिकअप पुन्हा गुंडाळून देणारा कारागीर गल्लीत मिळत नाही.