समुपदेशन मोफत, चहा तुमचा

रात्री झोप लागत नाही, दिवसा कशात मन लागत नाही, आणि शहरात पाऊण तास बोलायचे हजार-दीड हजार मोजावे लागतात हे कळल्यावर तर उरलीसुरली झोपही उडाली? मग शहरात जाता कशाला? परवडणारं समुपदेशन तुमच्या जिन्यातच आहे. चेहरा जरा पाडून कचऱ्याची बादली बाहेर ठेवायला जा, एवढंच.

दुसऱ्या मजल्यावरच्या काकू तयारच असतात. "काय रे, वाळलास?" एवढ्यावर निदान होतं: "रिकामं डोकं, दुसरं काही नाही." पुढची चाळीस मिनिटं काकूंच्या पित्ताशयाचं ऑपरेशन. तुम्ही फक्त चहा टाकायचा आणि मान डोलवायची. गोपनीयतेचं म्हणाल, तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात २३ वं कलम त्यासाठीच आहे, पण काकूंच्या भिशीपर्यंत ते अजून पोचलेलं नाही.

काकूंनी गुण आला नाही तर मामा आहेत. मामांचं औषध एकच, लग्न. झालेलं असेल तर मूल. मूलही असेल तर "आता कसली काळजी?" म्हणजे तुम्ही बरे झालात. त्यातूनही न सुधारणाऱ्यांसाठी गावाबाहेर महाराज आहेत. त्यांची फी नसते, यथाशक्ती दक्षिणा असते. वर नारळ, लिंबं, अकरा गुरुवार आणि जायची-यायची गाडी. वर्षाचा हिशेब मांडू नका, त्याने पुन्हा नैराश्य येतं.

टाळायचं ते सिव्हिल हॉस्पिटल. तिथे मनोविकाराची ओपीडी असते, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातून मानसोपचारतज्ज्ञ आणि समुपदेशक नेमलेले असतात, आणि १५ ऑगस्ट २०२३ पासून तर राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरचेही पैसे पडत नाहीत. ज्याला पैसे पडत नाहीत त्याचा गुण काय येणार? गर्दी मात्र असते, डॉक्टरांना वेळ कमी असतो, समुपदेशकाची जागा कधीकधी कागदावरच भरलेली असते. ही शेवटची तक्रार खरी आहे, पण ती आपण करत नाही. करायची तर तिथे गेलो होतो हे कबूल करावं लागेल.

१४४१६ हा नंबरही फोनमध्ये ठेवू नका. टेलिमानस म्हणतात त्याला, मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालेली. मोफत, चोवीस तास, मराठीतूनही. धोका असा, की पलीकडचा माणूस ऐकून घेतो. मध्येच स्वतःच्या सुनेचा विषय काढत नाही. सवय नसली की अवघडल्यासारखं होतं.

आणि मोठ्या दवाखान्याचं तर नावच नको. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी अशी राज्याची जुनी चार मनोरुग्णालयं. चारही गावांची नावं आपण थट्टेत वापरून गुळगुळीत केली आहेत. त्यातल्या त्यात येरवडा सोयीचं. तिथे तुरुंगही आहे. कुणी बघितलंच तर तुरुंगातून सुटलो म्हणून सांगावं, अब्रू वाचते.

आता मी हे सगळं कुठून सांगतोय? तर मी एकदा गेलो होतो सिव्हिलला, चुकून. केसपेपरची घडी घालून खिशात ठेवली होती, वरचं 'मनोविकार' दिसू नये म्हणून. बाकावर बसतो न बसतो तोच शेजारी मेहुण्याच्या ऑफिसातले साहेब.

"इकडे कुठे?" ते म्हणाले.

"दाढ. तुम्ही?"

"डोळे. नंबर वाढलाय जरा."

दातांचा विभाग खाली, डोळ्यांचा मागच्या इमारतीत, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. तरी तासभर आम्ही पावसावर बोललो. मग सिस्टरनं दारातून आधी त्यांचं नाव पुकारलं, लगेच माझं, आणि म्हणाली, "दोघं आत येऊन बसा, पंखा आतच आहे."

साहेबांनी चष्मा काढून खिशात ठेवला. मी गाल धरला.