कर्नल पॅनिक आणि सिंकिंग फंड

अपडेट मारायचं तर शनिवारी रात्री साडेअकराला मारावं. शनिवारही कुठला? सप्टेंबरातला शेवटचा. कारण दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा असते, ३० सप्टेंबरच्या आत ती उरकायची असते, आणि ताळेबंद, थकबाकीदारांची यादी, सिंकिंग फंडाचा (इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीसाठी साठवलेल्या पैशाचा) हिशोब असं सगळं एकाच कॉम्प्युटरच्या पोटात असतं. प्रिंट काढलेल्या नसतात. 'सकाळी काढू' म्हणून ठेवलेल्या असतात. कॉम्प्युटर बिचारा पंधरा दिवस कोपऱ्यातून 'अपडेट आलंय, अपडेट आलंय' सांगत असतो. पंधरा दिवस त्याच्याकडे ढुंकून बघू नका. सभेच्या आदल्या रात्री मात्र तुम्हाला त्याची दया आलीच पाहिजे.

हे सल्ले ऐकीव नाहीत. मी नेरूळला सिडकोच्या जुन्या वसाहतीत राहतो आणि आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी आहे. निवडून वगैरे आलेलो नाही. 'सेक्रेटरी कोण होतंय?' असं विचारलं तेव्हा सगळे पंख्याकडे बघत होते, मी एकटा समोर बघत होतो. ऑफिसच्या कॉम्प्युटरला विंडोजचं लायसन घेण्याचा विषय तीन सभा 'पुढील सभेत घेण्यात यावा' असा ढकलला गेला, तेव्हा मी लिनक्स टाकून मोकळा झालो. फुकट म्हटल्यावर ठराव लागला नाही.

लिनक्स टाकताना अख्ख्या डिस्कला कुलूप घाला. सुरू करताना पासवर्ड दिल्याशिवाय आतलं अक्षर वाचता येत नाही. बी-विंगमध्ये कोणाचं किती थकलंय हे चोराला कळता कामा नये. (ती यादी लिफ्टशेजारच्या बोर्डावर लावलेली असते, पण चोर जिन्याने येतो.) अशा डिस्कवर 'बूट' नावाची एक खोली बिनकुलपाची ठेवावी लागते, मशीन उठवणाऱ्या फायली तिथे राहतात. डिस्क एक टीबीची असली तरी या खोलीला ५०० एमबीच द्या. काटकसर कुठेतरी दिसायला हवी.

त्या खोलीत राहतो कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा. हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्सने १९९१ साली, विद्यार्थी असताना, छंद म्हणून लिहायला घेतलेल्या या प्रकरणाची आज दर नऊ-दहा आठवड्यांनी नवी आवृत्ती येते, मधल्या डागडुजीच्या वेगळ्या. आणि नवा आला म्हणून जुना लगेच निघत नाही. गणपतीला आलेला पाहुणा अनंत चतुर्दशी उलटली तरी टॉवेल वाळत घालतोच आहे, तशातली गत. कर्नल स्वतः दहा-पंधरा एमबीचा, सडाफटिंग. पण प्रत्येकाबरोबर 'इनिट-रॅम-एफएस' नावाचं एक बोचकं येतं आणि ते शंभर एमबीच्या घरात सहज जातं. चार कर्नल झाले, पाचवा दारात आहे. बेरीज करत बसू नका, सेक्रेटरीला बेरजा येतात असं लोकांना वाटलं की खजिनदारकीही गळ्यात पडते.

बोचक्यात काय असतं याची चौकशी तर मुळीच करू नका. डिस्क उघडायचा ड्रायव्हर, म्हणजे तिच्याशी बोलणारा प्रोग्राम, डिस्कवरच असतो, ही त्यातली गंमत. म्हणजे किल्ली घरात राहिली आणि बाहेरून लॅच लागलं. म्हणून आपण समोरच्या काकूंकडे एक जादा किल्ली ठेवतो ना? ते हे बोचकं. दोनचार ड्रायव्हर, पासवर्ड विचारणारा प्रोग्राम, एवढी तात्पुरती पथारी घेऊन ते मेमरीत उतरतं, दार उघडून देतं आणि बाजूला होतं. ते नसलं की कर्नल जिन्यात उभा, पिशव्या हातात.

तर अपडेट सुरू करा. ओळी पळायला लागतील. त्यांत 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस' अशी एक ओळ येऊन जाईल. ती येईल तेव्हा तुम्ही वॉचमनशी पाण्याच्या टँकरबद्दल बोलायला बाहेर गेलेले असलं पाहिजे. मी गेलो होतो. परत येईपर्यंत नव्या कर्नलची फाईल आली होती, त्याच्या बोचक्याला जागा उरली नव्हती, आणि सुरुवातीच्या मेनूत त्याचं नाव मात्र सगळ्यात वर लागलं होतं. आपल्याकडे पाटी आधी लागते, जोडणी नंतर येते. मी खुशाल रीस्टार्ट मारला.

काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळींची भिंत उभी राहते. जुना, गोल पिनचा कीबोर्ड असेल तर त्याचे दिवे लुकलुकायला लागतात. तळाशी लिहिलेलं असतं: 'कर्नल पॅनिक - नॉट सिंकिंग: व्हीएफएस: अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक (०,०)'. इथे पाळायचा नियम एकच. ही ओळ वाचायची नाही, तिचा फोटो काढायचा. फ्लॅश चालू ठेवून. फोटोत ट्यूबलाइट येते, गंजीतले तुम्ही येता, आणि तुमच्या पोटाच्या मागे कुठेतरी ती ओळ असते.

हा फोटो मेहुण्याला पाठवा. माझा मेहुणा ऐरोलीच्या आयटी पार्कात आहे. तिथे तो नक्की काय करतो हे लग्न ठरताना कोणी विचारलं नाही, नंतर विचारणं बरं दिसलं नाही.

"भाऊजी, फॉरमॅट मारा."

"अरे, सभेचे हिशोब आहेत त्यात."

"मग बॅकअप घ्या आणि मारा."

"सुरूच होत नाहीये, बॅकअप कसा घेऊ?"

"म्हणजे आधीचा बॅकअप नाहीये?"

यानंतर फोनवर जी शांतता पसरते तिच्यात पाम बीच रोडवरून सुसाट गेलेली बाइकसुद्धा ऐकू येते. शेवटी तो म्हणाला, "रॅम काढून खोडरबराने घासून बघा." हा सल्ला तुम्हालाही कोणीतरी देईलच. पॉवर सप्लाय जळू दे, पंखा अडकू दे, आपल्याकडे रॅम घासली जाते. पडद्यावर डिस्कबद्दल लिहिलंय हे मलाही दिसत होतं, पण डिस्क घासता येत नाही. मग मी मुलीच्या कंपासपेटीतलं खोडरबर आणलं. ते स्ट्रॉबेरीच्या वासाचं निघालं. रॅमच्या पट्टीचे सोनेरी दात एकेक करून घासले, भुगा फुंकून काढला, पट्टी खट्कन बसवली, बटण दाबलं. तोच मजकूर, तेच (०,०). ऑफिसला मात्र स्ट्रॉबेरीचा वास. कॅबिनेट उघडलंच आहे तर मदरबोर्डावरचा नाण्याएवढा सेलही काढून घाला, सीआर २०३२, तीन व्होल्टचा. फायदा काही नाही. घड्याळ मागे जातं. पण हात काळे झाल्याशिवाय कामाचं समाधान मिळत नाही.

रात्री दीडला पेन ड्राइव्हवरून मशीन सुरू करायचा नाद करा. दुसऱ्या लॅपटॉपवर लिनक्सची इमेज, म्हणजे अख्खी नक्कल, उतरवायची आणि 'डीडी' या कमांडने पेन ड्राइव्हवर ओतायची. डीडी तुम्हाला 'नक्की का?' असं एका शब्दाने विचारत नाही, म्हणून जाणकार तिला लाडाने 'डिस्क डिस्ट्रॉयर' म्हणतात. कुठे ओतायचं ते अंदाजाने लिहा: एसडीए असेल, नाहीतर एसडीबी. डिस्कची ही नावं म्हणजे नवी मुंबईतला सेक्टर. 'सेक्टर सहाला ये' म्हटल्यावर दादरचा माणूस वाशीच्या सेक्टर सहात उभा राहून फोन करतो, यजमान नेरूळच्या सेक्टर सहात पोहे परतत असतो. एसडीए, एसडीबीचंही तेच, आज एक तर उद्या दुसरं. म्हणून लिनक्स स्वतः कामापुरता यूयूआयडी वापरतं, ३२ आकडे-अक्षरांचा, म्हणजे वसाहत-सेक्टर-प्लॉटसकट पूर्ण पत्ता. मी एंटर दाबायच्या आधी एकदा यादी काढून बघितली. एसडीए हा बायकोचा लॅपटॉप होता. सल्ला देणाऱ्याने अशी कच खाऊ नये, पण मी खाल्ली.

काहींचं मशीन अपडेटनंतर असं ओरडत नाही, नुसतं काळं तोंड करून बसतं. ते दुखणं बहुधा ग्राफिक्स कार्डाचं: त्याचा बाहेरून टाकलेला ड्रायव्हर प्रत्येक नव्या कर्नलसाठी पुन्हा बांधावा लागतो, तो बांधला गेलेला नसतो. 'नोमोडसेट' एवढा शब्द बूटच्या ओळीत घालून वेळ मारून नेतात. सोसायटीच्या मशीनला ग्राफिक्स कार्ड घ्यायला कोणी पैसे दिले नाहीत, तेव्हा या दुःखात मी पडत नाही.

सकाळी साडेसहाला आमच्या खजिनदार काकू फिरून आल्या. बँकेतून निवृत्त झाल्यात. सही करण्याआधी कागदाची मागची बाजूही वाचतात, कोरी असली तरी. त्यांनी चष्मा लावला आणि, मी रात्रभरात जे एकदाही केलं नव्हतं ते केलं. ओळ पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचली.

"नॉट सिंकिंग? अरे, आपल्या सिंकिंग फंडाला काय झालं?"

"काकू, तो सिंकिंग वेगळा. मशीन गडबडलंय, म्हणून मेमरीतलं काही डिस्कवर लिहायला जात नाहीये. उगाच चुकीचं लिहून ठेवायला नको म्हणून."

"हे बरं करतं. आमच्याकडे एकजण गडबडला की आधी लेजरमध्येच लिहायचा." मग त्या पुढे सरकल्या. "आणि अननोन ब्लॉक कुठला? शून्य नंबरचा ब्लॉक कुठल्या विंगमध्ये आहे?"

"कुठल्याच नाही. त्याला डिस्क सापडत नाहीये, म्हणून पत्ता शून्य-शून्य."

"काल सापडत होती ना? मग काल जो शोधत होता तो कुठाय? नवं लेजर टॅली होईपर्यंत जुनं फाडत नाहीत. तू जुनं फाडलंस का?"

फाडलं नव्हतं. चार जुने कर्नल तिथेच पथारी पसरून होते, त्यांच्याच पायी तर जागा संपली होती.

तेव्हा पुढचं चुकूनही करू नका, नाहीतर दहा मिनिटांत मोकळे व्हाल आणि रात्रीची सगळी मेहनत वाया जाईल. मशीन सुरू होताना, त्याला उठवणारा आतला प्रोग्राम जुना बायोस असेल तर शिफ्ट दाबून धरायची, नवा यूईएफआय असेल तर एस्केप एकदाच टिचकावायची. अधीरपणे दोनचारदा टिचकावलीत तर मेनू ओलांडून 'ग्रब>' अशा ओसाड जागी, म्हणजे मेनू दाखवणाऱ्या ग्रब या प्रोग्रामच्या कोऱ्या पडद्यावर, जाऊन पडाल. मेनूत 'अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स' घ्यायचं, नव्याच्या लगेच आधीचा, म्हणजे आदल्या दिवसापर्यंत चालणारा कर्नल निवडायचा. मशीनने पासवर्ड विचारला. इतक्या प्रेमाने मला आजवर कोणी काही विचारलेलं नाही. मग 'यूनेम -आर' म्हणून आपण कुठल्या कर्नलवर आहोत ते बघायचं, तो सोडून सगळ्यात जुने दोन काढायचे, अर्धवट राहिलेली कामं 'डीपीकेजी --कॉन्फिगर -ए' ने पुरी करायची, नव्या कर्नलचं बोचकं 'अपडेट-इनिट-रॅम-एफएस' ने बांधून घ्यायचं, 'अपडेट-ग्रब' ने मेनू नव्याने लिहायचा. झालं. पावणेआठला प्रिंटरमध्ये कागद सरकवले. कागद अडकला, पण ते प्रिंटरचं नेहमीचं आहे, त्यात लिनक्सचा काही दोष नाही.

सभेत हिशोबाला उशीर का, असा प्रश्न आलाच. मी उठून सांगितलं की रात्री कर्नल पॅनिक झाला होता. चेअरमनसाहेबांनी गंभीरपणे विचारलं, "कुठल्या पलटणीतले?" मागून कोणीतरी सिंकिंग फंड बुडाल्याचं शेजारच्याला सांगितलं, ते सी-विंगपर्यंत पोचेस्तोवर आकड्यासकट झालं. तेव्हा काकूंनी माइक घेतला आणि झाला प्रकार सांगितला: नवा बसत नव्हता, जुना होता म्हणून निभावलं. टाळ्या पडल्या. मग इतिवृत्तात रीतसर नोंद झाली:

'ठराव क्र. ७. सोसायटीच्या संगणकातील कोणताही जुना कर्नल यापुढे सर्वसाधारण सभेच्या पूर्वपरवानगीशिवाय काढण्यात येऊ नये. सूचक: खजिनदार. अनुमोदक: चेअरमन. सर्वानुमते मंजूर.'

विंडोजच्या लायसनचा विषय पुढील सभेत घेण्यात येणार आहे. सर्वसाधारण सभा वर्षातून एकदा होते. बूटची खोली अजून ५०० एमबीचीच आहे.