स्टिकलबॅकचा ‘अख्खा जीनोम’ वाचलाच नव्हता

‘अलास्कातल्या स्टिकलबॅक माशांचे संपूर्ण जीनोम वाचून 2010 मध्ये गोड्या पाण्यात जगण्याचा जीन सापडला’ हा मजकूर सध्या फिरतो आहे. त्यात मासा, जागा आणि साल तेवढं खरं आहे.

त्या अभ्यासात जीनोम, म्हणजे माशाचा सगळा डीएनए, वाचला नव्हता; रॅड सिक्वेन्सिंग वापरलं होतं. यात एक विकर (एन्झाइम) डीएनएला ठरावीक आठ अक्षरांच्या खुणेपाशीच कापतं आणि त्या कापांलगतचे छोटे तुकडे तेवढे वाचले जातात. शितावरून भाताची परीक्षा म्हणा हवं तर, फक्त शितं प्रत्येक माशात त्याच जागची. त्यामुळेच दोन समुद्री आणि तीन गोड्या पाण्याच्या तळ्यांतल्या समूहांतले 100 मासे परवडले, डीएनएतले एकेका अक्षराचे 45 हजारांहून जास्त फरक तपासता आले.

हाती लागले ते गुणसूत्रांवरचे पट्टे, म्हणजे डीएनएचे लांबलचक भाग. तिन्ही तळ्यांत बरेचसे तेच पट्टे समुद्री माशांपेक्षा वेगळे निघाले, खरी गंमत ती! पट्टा म्हणजे जीन नव्हे. त्यात अनेक जीन असतात. ज्याच्या एका रूपामुळे माशाच्या अंगावरचं हाडांचं चिलखत कमी होतं तो ‘ईडीए’ जीनही अशाच एका पट्ट्यातला, पण तो 2005 मध्येच माहीत झाला होता. शिवाय चिलखत कमी करणारं त्याचं ते रूप तळ्यात नव्यानं घडलेलं नाही. समुद्रातल्या माशांत ते तुरळक असतंच.