पासवर्ड बरोबर आहे, तरी मेल उघडत नाही

"भाऊ, पासवर्ड तं तोच हाये, मंग काहून घेऊन नाही रायलं?"

घाटंजीकडच्या एका शेतकरी उत्पादक कंपनीचा हिशोब पाहणारे काका ऐन कापसाच्या हंगामात माझ्या सेवा केंद्रावर आले, ते सीपीयू मोटरसायकलला बांधूनच. मेल उघडला की पासवर्डची चौकट यायची. टाकला, ओके केलं, की परत तीच चौकट. जिनिंगची बिलं मेलवर अडकलेली. काकांनी रजिस्टरच्या पुठ्ठ्याच्या आत लिहिलेला पासवर्ड दाखवला. तो बरोबरच होता.

बंद झाली होती ती लॉगिनची जुनी पद्धत. कॉम्प्युटरवरचा मेलचा जुना प्रोग्राम मेल पाहायला जाताना दर वेळी नाव आणि पासवर्ड सर्व्हरच्या हाती देतो. त्यात ओटीपीला जागाच नाही. म्हणून चोर सोपे-सोपे पासवर्ड हजारो खात्यांवर लावून पाहतात, आणि एखादा लागला की सरळ आत. नव्या पद्धतीत, तिला ओऑथ म्हणतात, पासवर्ड आणि ओटीपी मेल कंपनीच्याच पानावर टाकायचा. प्रोग्रामला मिळतं फक्त एक टोकन. घराची किल्ली न देता बाजार समितीच्या फाटकाचा पास द्यावा तसं. कॉम्प्युटर चोरीला गेला तर तेवढा पास रद्द करता येतो.

हे एका रात्रीत झालेलं नाही. गुगलने घरगुती जीमेलला जुनी पद्धत 30 मे 2022 पासून बंद केली. मायक्रोसॉफ्टने एक्स्चेंज ऑनलाइनसाठी, म्हणजे कंपन्या-संस्थांच्या मेल सेवेसाठी, 2019 मध्येच सांगितलं होतं; कोरोनात ते पुढे गेलं आणि 1 ऑक्टोबर 2022 पासून बंद करायला सुरुवात झाली. घरगुती आउटलुकची पाळी 16 सप्टेंबर 2024 ला आली.

मी या बदलाच्या बाजूने आहे, ठामपणे. आपल्याकडे एक पासवर्ड सचिवाला, पुतण्याला आणि सेवा केंद्रवाल्याला, सगळ्यांना माहीत असतो. त्यावर शेतकऱ्यांचे सातबारे आणि बँकेचे कागद ठेवायचे?

राग आहे तो सांगण्याच्या पद्धतीचा. काकांच्या कंपनीला ज्यांनी मेल दिला, त्यांची सूचना इंग्रजीत गेली, तीही खातं उघडून देणाऱ्या पोराला. तो कधीचा पुण्याला गेला. ओटीपी जायचा जुन्या सचिवांच्या सिमवर, ते रिचार्जविना बंद पडलेलं. खातं आपलंच आहे हे पटवण्यात दोन दिवस गेले. हंगामात दोन दिवस म्हणजे काय, हे पैशाची वाट पाहणाऱ्याला विचारा. अशी सूचना मराठीत हवी, आणि जो मेल रोज उघडतो त्याच्या मोबाइलवर हवी.

केंद्र चालवणाऱ्या भावांना हात जोडून सांगतो, सोय म्हणून शेतकऱ्याच्या खात्यावर आपला नंबर टाकणं बंद करा. उद्या तुमचं दुकान बंद झालं तर तो माणूस आपल्याच खात्याबाहेर उभा राहील. आणि जुन्या प्रोग्रामसाठी वेगळा मिळतो तो सोळा अक्षरांचा ॲप पासवर्ड काढून जुनंच रेटू नका. तोही ओटीपीशिवायच चालतो, आणि लोक तोही पुठ्ठ्यावरच लिहितात.

काकांच्या कॉम्प्युटरवर नवा प्रोग्राम टाकला. खात्यावर आता दोन नंबर आहेत, एक काकांचा, एक अध्यक्ष ताईंचा. नवा पासवर्ड काकांनी एकेक बटण शोधत स्वतः टाकला. तोवर मी रस्त्याकडे तोंड करून बसलो होतो.